चाकणचा बैलबाजार आणि जनावरांचे दात

चाकणला दर शनिवारी जनावरांचा बाजार भरतो. खेड कृषी उत्पन्न बाजार समितीच्या महात्मा फुले मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या जोडीने गाई, म्हशी, बैल, शेळ्या-मेंढ्या यांची खरेदी-विक्री चालते. किती बैल आले, किती विकले गेले आणि भाव काय निघाला, याची बातमी स्थानिक वर्तमानपत्रे छापतात. त्या भावामागे एक जुनी परीक्षा आहे. बैलाचा रंग, खांदा, खूर, शेपटी आणि चाल पाहून झाली की गिऱ्हाईक वेसण धरतो, अंगठ्याने बैलाचा खालचा ओठ दाबतो आणि दात मोजतो. बैलाची किंमत ठरते ती त्यानंतर.

गाय-बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. तिथे घट्ट हिरडीची गादी असते आणि खालचे आठ दात तिच्यावर टेकतात. हे आठ दात चार जोड्यांत बदलतात. दुधाचे दात अजून पडलेले नाहीत तो आदत. मधली पहिली जोडी आली की दुसा, दुसरी आली की चौसा, पुढे सहादाती आणि आठही दात आले की जुळलेला. देशी जनावरात पहिली जोडी साधारण दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास येते आणि साडेचार-पाच वर्षांपर्यंत तोंड पूर्ण जुळते. संकरित जनावरात हेच काहीसे लवकर घडते. त्यानंतर मोजण्यासारखे काही उरत नाही. मग दात किती झिजले, कडा किती सपाट झाल्या, दातांत फटी पडल्या का, यावरून अंदाज बांधावा लागतो. दुसा किंवा चौसा बैल म्हणजे पुढे कित्येक वर्षांचे काम. झिजल्या तोंडाचा बैल दिसायला धिप्पाड असला, तरी त्याची कामाची वर्षे बरीचशी सरलेली असतात. कर्ज काढून बैलजोडी घेणाऱ्या कुणब्याच्या दृष्टीने या एका नजरेवर पुढच्या अनेक हंगामांची शेती अवलंबून होती.

वय ओळखायला शिंगांवरची वलयेही उपयोगी पडतात. पण बाजारात आणण्याआधी शिंगे साळून, घासून, रंगवून आणण्याची चाल सर्वत्र आहे, त्यामुळे शिंगांची साक्ष पुसली जाते. अंगावरची झूल आणि पाठीवरचा गुलाल डोळ्यांना फसवतात. तोंड मात्र सहज बदलता येत नाही. म्हणूनच दातांचा शब्द बाजारात शेवटचा मानला गेला आणि हेडी किंवा दलाल कितीही बोलका असला, तरी जाणत्या गिऱ्हाइकाचा हात आधी वेसणीकडे जाई. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, ही म्हण याच व्यवहारातून आली आहे. विकतच्या गाईचे दात मोजायचेच, हे तिच्यात गृहीत आहे.

ही विद्या चाकणपुरती नव्हती. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत घोड्याची लक्षणे सांगताना दातांच्या रंगावरून वय सांगितले आहे. भीमा आणि तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यातली भीमथडी तट्टे मराठ्यांच्या स्वारीत होती. चाकणच्या उत्तरेला वाहणारी भामा ही भीमेचीच उपनदी. १६६० मध्ये शाहिस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्याने तो किल्ला सुमारे दोन महिने लढवला. त्या काळच्या फौजा घोड्यांवर आणि बैलांवर चालत. ज्याच्या पदरी घोडा किंवा लमाणी बैल होता, त्याला दात वाचता येणे भागच होते.

दातांत आणखी एक गोष्ट पाहिली जाई आणि तिच्याकडे कमी लक्ष दिले गेले आहे. खालचा जबडा आखूड असलेल्या वासराचे दात वरच्या गादीवर नीट टेकत नाहीत. आईचे दूध ते पिते, पण चरायला लागले की आखूड गवत त्याला तोडता येत नाही, आणि ते मागे पडते. अशा जनावराला चांगला भाव येत नसे. जबड्यांची जुळणी बिघडणे म्हणजे काय, हे दावणीवरच्या माणसाला ठाऊक होते. त्या बिघाडाला शास्त्रीय नाव द्यायची गरज त्याला पडली नव्हती.

पुस्तकी पशुवैद्यक या भागात आले ते लष्कराच्या आणि साथींच्या निमित्ताने. १८६२ मध्ये पुण्यात लष्करी पशुवैद्यकाची शाळा निघाली. १८८६ मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. १८८९ मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली आणि १८९३ मध्ये ती कुमाऊँतल्या मुक्तेश्वरला हलली. तिच्यापुढे बुळकांडीसारख्या साथी होत्या. घोडा सैन्याचा, बैल शेतीचा. कुत्र्या-मांजरांच्या दातांना त्या व्यवस्थेत जागा नव्हती.

चित्र बदलले ते कारखान्यांनी. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, आकुर्डीत बजाज ऑटो आणि पिंपरी-चिंचवडमध्ये टेल्को उभी राहिली. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली आणि १९९७ मध्ये मोशी, चिखली, चऱ्होलीसारखी गावे तिच्या हद्दीत आली. पुढे चाकण परिसरातल्या माळांवर बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने आले. जमिनी गेल्या, उरलेल्या जमिनीत ट्रॅक्टर आला आणि शेतीकामाच्या बैलाची गरज झपाट्याने घटली. २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे थकलेल्या बैलाला उरलेला एक गिऱ्हाईकही गेला.

बैल टिकला तो शर्यतीसाठी. खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत घाटातल्या बैलगाड्यांचे वेड जुने आहे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा दुरुस्ती कायदा वैध ठरवला. सातारा-सांगलीकडच्या मैदानांत आदत बैलांचे वेगळे गट असतात, म्हणजे बैल कोणत्या गटात पळणार हे तिथे दातच ठरवतात. शेतीत जी विद्या मागे पडली, ती शर्यतीने जिवंत ठेवली.

दरम्यान कारखान्यांभोवती वसाहती झाल्या, गोदामे झाली, फ्लॅट झाले आणि घराघरांत दुसरे जनावर आले. निगडी-प्राधिकरणातल्या बंगल्यांना जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडोर, लहान फ्लॅटना पॉमेरेनियन. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग दिसला आणि देशभर पगची मागणी वाढली. गिऱ्हाइकाला हवा होता तो चपटा चेहरा. त्या चेहऱ्याची किंमत कुत्र्याच्या तोंडाला मोजावी लागते.

कुत्र्याला दुधाचे २८ आणि कायमचे ४२ दात असतात. मांजराला २६ आणि ३०. कुत्र्याचे तोंड मिटल्यावर वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे बसतात. खालचा सुळा वरचा सुळा आणि त्याच्या पुढचा दात यांच्यामधल्या फटीत जातो आणि बाजूच्या दाढा एकमेकींच्या मधल्या जागेत येतात. खालचा जबडा पुढे आला तर अंडरबाइट, मागे राहिला तर ओव्हरबाइट. जबड्याची एक बाजू दुसरीपेक्षा कमी वाढली तर तोंड तिरके होते. पग, बॉक्सर, बुलडॉग यांत वरचा जबडा आखूड असतो, पण दातांची संख्या तितकीच राहते. जागा कमी, दात तेवढेच. मग ते आडवे वळतात, दाटीने उगवतात आणि त्यांच्यात अन्न अडकून हिरड्या सुजतात. इंग्लंडमध्ये १८५९ मध्ये पहिले श्वानप्रदर्शन भरले आणि १८७३ मध्ये केनेल क्लब निघाला. त्यानंतर जातींची लक्षणे लेखी झाली. बुलडॉगसारख्या जातींत पुढे आलेला खालचा जबडा दोष न राहता लक्षण ठरला. डोळ्यांना आवडले म्हणून जबड्यातली अडचण पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली, ही या इतिहासातली खेदाची गोष्ट आहे. मध्यम लांबीच्या तोंडाच्या गावठी कुत्र्यात दात सहसा नीट बसतात. त्याचा जबडा बिघडतो तो बहुधा अपघाताने, मोडलेले हाड वाकडे जुळल्यामुळे.

लहान जातींतला नेहमीचा दोष दुधाचा सुळा न पडण्याचा. कायमचे दात चौथ्या ते सातव्या महिन्यात येतात. खालचा कायमचा सुळा दुधाच्या सुळ्याच्या आतल्या बाजूने उगवतो. दुधाचा सुळा वेळेवर पडला नाही, तर नव्या सुळ्याला बाहेर सरकायला वाट मिळत नाही आणि तो टाळूला टोचू लागतो. जखम खोल गेली तर टाळूला भोक पडून नाकापर्यंत वाट होते. पिल्लू जेवत असते, शेपटी हलवत असते. दुखते आहे हे घरच्यांना कळत नाही. एका जागी एकाच प्रकारचे दोन दात दिसले, तर दुधाचा दात काढायचा, हा पशुवैद्यांचा साधा नियम आहे. वेळ निघून गेली असेल तर सुळा हळूहळू बाहेर ढकलणारी पट्टी बसवणे, सुळ्याची उंची कमी करून आतला गर झाकणे किंवा दात काढणे, हे उपाय उरतात. उपचार वेदना थांबवण्यासाठी असतात. प्रदर्शनात दोष लपवण्यासाठी दात सरळ करणे योग्य नाही, कारण दोष आनुवंशिक असेल तर तो पिल्लांत उतरतो; अशा जनावराची पैदास न करणेच रास्त.

पर्शियन मांजरांत चपट्या तोंडाचा हाच प्रश्न आहे आणि काहींत वरचा सुळा भाल्यासारखा पुढे झुकतो. साध्या मांजरातही वरची मोठी दाढ खालच्या हिरडीवर घासून तिथे गाठ येऊ शकते. मांजर खाणे कमी करते, एका बाजूने चावते किंवा तोंडाला हात लावू देत नाही; लक्षणे एवढीच असतात.

बैलबाजारातल्या गिऱ्हाइकाला जो आधार होता, तो पिल्लू घेणाऱ्याला नसतो. २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. पण आठव्या आठवड्यात तोंडात सगळे दुधाचेच दात असतात आणि जबडा पुढे कसा वाढेल हे त्यांवरून खात्रीने सांगता येत नाही. म्हणून पिल्लाबरोबर त्याच्या आई-बापाचे तोंड पाहावे लागते, आणि पिल्लाचे तोंड चौथ्या महिन्यापासून दात पूर्ण येईपर्यंत दर काही आठवड्यांनी उघडून पाहावे लागते. लसीकरणासाठी पिल्लू दवाखान्यात जातेच. त्याच भेटीत सुळे कुठे टेकतात हे पाहून घेता येते.