घरातील नेटवर्क : आधी तार, मग वाय-फाय

यंत्रमागांचे शहर ही भिवंडीची जुनी ओळख. तिच्यात अलीकडे आसपासच्या गोदामांची भर पडली आहे. या दोन्ही व्यवसायांचे बरेचसे कागदोपत्री काम आता संगणकावर, अनेकदा घरातूनच, होते. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालाच्या आंतरराज्य वाहतुकीसाठी १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल आवश्यक झाले. ऐनवेळी जोडणी मंदावली, तर भरलेला ट्रक दारातच खोळंबतो. अशा वेळी दोष सेवा पुरवठादाराला दिला जातो, किंवा महागडा राउटर विकत आणला जातो. प्रत्यक्षात अडथळा बऱ्याचदा घरातल्या जुन्या तारेत दडलेला असतो.

प्रथम निदान

खर्च करण्यापूर्वी वेग तीन ठिकाणी मोजावा : लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून, मग राउटरशेजारी वाय-फायवर आणि शेवटी सर्वांत दूरच्या खोलीत. पहिल्याच मापनात वेग कमी आला, तर केबल आणि लॅपटॉपचे पोर्ट तपासून पुरवठादाराकडे तक्रार करावी. केवळ दूरच्या खोलीत तो घसरला, तर प्रश्न घरातील मांडणीचा आहे. केबलवरील वेग सेकंदाला ९४ मेगाबिटच्या आसपास अडकून राहत असेल, तर कुठले तरी पोर्ट १०० मेगाबिटचे आहे किंवा केबलमधील एखादी जोडी तुटली आहे, असे समजावे. शंभर मेगाबिटला तारांच्या दोन जोड्या पुरतात. गिगाबिटला चारही लागतात.

तारेची निवड

सन २००४ च्या धोरणानुसार सेकंदाला २५६ किलोबिट वेग म्हणजे ब्रॉडबँड होते. २०२३ मध्ये ही किमान मर्यादा दोन मेगाबिटवर गेली. त्या काळी टाकलेली तार आजच्या फायबर जोडणीला अपुरी पडते, यात नवल नाही. 'कॅट-५ई' केबल शंभर मीटरपर्यंत गिगाबिट वेग देते. भिंतीतून नवी तार ओढायचीच असेल, तर 'कॅट-६' घ्यावी; पंचावन्न मीटरपर्यंत ती दहा गिगाबिटही पेलते. मात्र बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या स्वस्त केबलही मिळतात. त्यांचा विद्युतरोध जास्त असतो आणि त्या लवकर तुटतात. तार खरवडल्यावर आत पांढरट धातू दिसला, तर ती नाकारावी.

घर यंत्रमागाच्या गाळ्याला लागून असल्यास नेटवर्कची तार मोटरच्या वीजवाहिनीपासून दूर, स्वतंत्र नळीतून न्यावी. कापसाचे तंतू राउटरच्या झरोक्यांत साचतात. ते वेळोवेळी झाडावेत. दोन इमारतींदरम्यान गच्चीवरून तांब्याची केबल ओढणे पावसाळ्यात धोक्याचे असते. विजेच्या कडकडाटात ती उपकरणे जाळू शकते. अशा ठिकाणी धातूविरहित फायबर केबल योग्य.

वाय-फायची मांडणी

वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच : १, ६ आणि ११. दाटीवाटीच्या इमारतीत शेजाऱ्यांचे राउटर त्यांवरच बोलत असतात. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी कमी आणि वेग अधिक; पण सिमेंट-सळयांच्या भिंतीपुढे त्याची ताकद लवकर ओसरते. त्यामुळे राउटर लोखंडी कपाटामागे न ठेवता घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा.

दूरच्या खोलीसाठी अनेक जण रिपीटर घेतात. एकाच चॅनलवर ऐकून पुन्हा सांगणारा रिपीटर वेग जवळपास निम्म्यावर आणतो. त्याऐवजी त्या खोलीपर्यंत केबल नेऊन तेथे ॲक्सेस पॉइंट बसवणे हा खात्रीचा उपाय आहे. टीव्ही, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि कामाचा संगणक तारेनेच जोडले, की मोबाइल फोनसाठी हवेतील जागाही मोकळी होते.

सुरक्षा आणि वीज

जुलै २००८ मध्ये अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी आलेल्या ई-मेलचा माग नवी मुंबईतील एका घराच्या वाय-फायपर्यंत पोहोचला होता. जोडणी भलत्याने वापरली, तरी चौकशीचा पहिला फेरा घरमालकाच्या दारी येतो. म्हणून 'डब्ल्यूपीए-२' किंवा 'डब्ल्यूपीए-३' सुरक्षा निवडावी आणि राउटरचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क ठेवावे.

वीज गेल्यावरही काम चालू राहायचे, तर राउटरबरोबरच फायबर जिथे जोडलेले असते तो डबाही छोट्या यूपीएसवर हवा. दोहोंपैकी एक बंद पडला, तरी इंटरनेट थांबते.

एकंदरीत आधी मोजमाप, मग तार, त्यानंतर ॲक्सेस पॉइंट आणि गरज उरलीच तर नवा राउटर, हा क्रम पाळल्यास खर्च आटोक्यात राहतो. राउटर काही वर्षांनी बदलता येतो. भिंतीत गेलेली तार मात्र सहजी बदलत नाही.