रमाबाईंना पुढचं पान दिसत नव्हतं

मागच्या पावसाळ्यात माझी नोकरी गेली. प्रोजेक्ट बंद झाल्याचं आमच्या टीमला एका कॉलवर सांगितलं गेलं. लॅपटॉप परत करून मी संध्याकाळी कोनला घरी आले. त्या आठवड्यात मंडळीतल्या जवळजवळ प्रत्येकाने मला एकच वाक्य ऐकवलं, "देवाच्या मनात यापेक्षा चांगलं असेल." बोलणारे मायेने बोलत होते. पण घराचा हप्ता दर पाच तारखेला जायचा, आणि देवाच्या मनातलं मला काहीच दिसत नव्हतं.

रात्री झोप लागत नसे. मुंबई-पुणे रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज ऐकत मी मोबाइलवर पंडिता रमाबाईंबद्दल वाचू लागले. शाळेत त्यांच्यावर चार ओळींची टीप लिहिली होती: विदुषी, शारदा सदन, मुक्ती मिशन. एकापुढे एक यश. आता वर्षं क्रमाने लावली, तेव्हा वेगळंच चित्र दिसलं.

जन्म 1858. दुष्काळाच्या वणवणीत वडील, आई आणि मोठी बहीण गेली. 1880मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं. 1882मध्ये कॉलऱ्याने तेही गेले. रमाबाईंना अजून चोविसावं वर्ष पूर्ण व्हायचं होतं आणि कडेवर मनोरमा होती. 1883मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही मनाला लगेच शांती मिळाली नाही. बाप्तिस्म्यानंतर बरीच वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, असं त्यांनी पुढे आपल्या साक्षीत मोकळेपणाने सांगितलं.

1889मध्ये त्यांनी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. 1893मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठलं. 'केसरी'ने टीका केली, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या दिवशी कुणी हिशेब मांडला असता, तर काम फसलं असंच म्हटलं असतं.

मग 1896-97चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवण्याची परवानगी मिळेना, म्हणून त्यांना केडगावच्या जमिनीवर नेलं. तिथे मुक्ती मिशन उभं राहिलं. 1900च्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या दीड हजाराच्या वर गेली.

"बघ, म्हणूनच देवाने ते होऊ दिलं," असं इथे म्हणायचा मोह होतो. मलाही झाला. पण दुष्काळात तडफडून मेलेल्या मुलींपुढे ते वाक्य म्हणून बघा. आणलेल्या मुलींपैकीही सगळ्या वाचल्या नाहीत. ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखाची कारणं सांगत बसले होते, आणि पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. देवाला पुढचं दिसतं यावर विश्वास ठेवणं वेगळं. ते मलाही दिसतंय असं समजणं वेगळं.

रमाबाईंच्या शेवटच्या कामात हे मला सर्वांत स्पष्ट दिसलं. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल हवं, म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून एकटीने भाषांतर सुरू केलं. खिळे जुळवणं, छपाई ही कामं मुक्तीतल्याच बायका करत. काम संपत आलं असताना, जुलै 1921मध्ये, मनोरमा गेली. मिशन जिच्या हाती सोपवायचं होतं तीच मुलगी. रमाबाईंनी भाषांतर पूर्ण केलं आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनीही डोळे मिटले. पूर्ण बायबल छापून आलं 1924मध्ये. आज आपल्या बहुतेक मंडळ्यांत बायबल सोसायटीचं भाषांतर वाचलं जातं, रमाबाईंचं नाही. म्हणजे शंभर वर्षांनीही त्यांच्या हिशेबाची बेरीज आपल्याला नीट करता येत नाही. त्यांनी मात्र बेरजेची वाट पाहिली नाही. आजचं पान तपासायचं, उद्याचं उद्या. त्यांच्यासाठी विश्वास म्हणजे बहुधा एवढंच होतं, आणि ते सोपं नव्हतं.

मला चार महिन्यांनी नोकरी मिळाली, आधीपेक्षा कमी पगाराची. "देवाने केलं ना चांगलं?" असं मंडळीतल्या एका मावशींनी विचारलं. मी "हो मावशी" म्हटलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण ते चार महिने कशासाठी होते, ते मला आजही माहीत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या घरगुती प्रार्थनेला एक मुलगा आला होता. त्याची नोकरी त्याच आठवड्यात गेली होती. ते नेहमीचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं, त्याचा रेझ्युमे मागून घेतला आणि त्याच्या शेजारी प्रार्थनेला बसले.