लिनक्सवरील ग्राफिक्स ड्रायव्हरचा आवृत्तिभेद : त्याची ऐतिहासिक कारणे

पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २००० साली भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्र स्थापन झाले आणि मराठी शब्दबंधासारखे काम तेथे आकारास आले. पर्यायशब्दांचे संच जुळविणाऱ्या त्या कोशकारांचे ग्राफिक्स कार्डावाचून काही अडत नव्हते. पुढे २००७ साली एनव्हीडिया कंपनीच्या कूडा या प्रणालीने अशा कार्डाकडून सामान्य गणन करून घेण्याची वाट मोकळी केली. २०१२ साली टोरोंटो विद्यापीठातील संशोधकांचे ॲलेक्सनेट हे चेताजाल केवळ दोन कार्डांवर शिकून प्रतिमा ओळखण्याच्या स्पर्धेत पुष्कळ अंतराने पहिले आले. काही वर्षांतच भाषासंशोधनही त्याच कार्डांकडे वळले. चित्राशी ज्याचा काही संबंध नाही अशा भाषाभ्यासकाच्या वाट्यास ड्रायव्हरचे दुखणे आले, ते या मार्गाने.

दुखण्याचे स्वरूप सर्वपरिचित आहे. रात्री यंत्र आपोआप अद्ययावत झालेले असते. सकाळी कार्डाची स्थिती विचारावी, तर ड्रायव्हर व लायब्ररी यांच्या आवृत्त्या जुळत नाहीत, एवढेच उत्तर मिळते. कार्ड शाबूत असते, ड्रायव्हरही यथास्थित बसविलेला असतो. तरीही गणन सुरू होत नाही. याचे कारण असे की, ड्रायव्हर ही एक वस्तू नसून दोन आहेत. एक भाग मॉड्यूलच्या रूपाने कर्नलमध्ये राहतो. दुसरा लायब्ररीच्या रूपाने वापरकर्त्याच्या प्रोग्रामांशी जोडला जातो. अद्ययावत करताना डिस्कवरील दोन्ही भाग बदलतात, परंतु स्मृतीत आधीच चढलेले जुने मॉड्यूल तसेच राहते. नवा प्रोग्राम नवी लायब्ररी घेऊन त्याच्यापुढे उभा राहतो आणि नाकारला जातो.

येथे भाषाशास्त्रज्ञाला एक तुलना सुचल्यावाचून राहत नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. तथापि त्यापूर्वी छापलेले पुस्तक नंतर शिकलेला वाचक सहज वाचतो. मानवी भाषेत अर्थाचे धागे गरजेपेक्षा अधिक असतात; एखादा तुटला तरी चालते. ड्रायव्हरच्या दोन भागांतील बोलीत असा अधिक धागा नाही. तेथे एखाद्या रकान्याची जागा सरकली, तर स्मृतीतील भलतीच माहिती पुसली जाण्याचा धोका असतो. तेव्हा हा नकार म्हणजे यंत्राचा हट्ट नव्हे. ती सावधगिरी होय.

परंतु ही वेळ यावीच का? याचे उत्तर इतिहासात आहे. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा आरंभ केला. या प्रकल्पाने कालांतराने दोन दंडक पाळले : बाहेरच्या प्रोग्रामांशी केलेला करार मोडावयाचा नाही, आतील रचना मात्र हवी तेव्हा बदलावयाची. या दुसऱ्या दंडकाचे समर्थन करणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचे टिपण कर्नलच्या दस्तऐवजांतच आहे. ज्या ड्रायव्हरची मूळ संहिता कर्नलमध्ये आहे, त्याला या बदलाची झळ लागत नाही. बदल करणाराच त्याची दुरुस्ती करतो. एनव्हीडियाने आपली संहिता गुप्त राखून बाहेर राहणे पसंत केले. म्हणजे दोष एका पक्षाचा नव्हे. दोघांचे निर्णय आपापल्या जागी सुसंगत होते, आणि त्यांच्या फटीत वापरकर्ता सापडला. २००३ साली डेल कंपनीने डीकेएमएस ही सोय आणली. नवे कर्नल येताच बाहेरील मॉड्यूल तिच्यामुळे आपोआप पुन्हा बांधले जाते. २०१२ साली टोरवाल्ड्स यांनी फिनलंडमधील एका सभेत एनव्हीडियाला उघड शिवी दिली, हे अनेकांना स्मरत असेल. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नलमधील भागाची संहिता खुली केली. लायब्ररी मात्र बंदच राहिली, आणि दोन्हींची आवृत्ती तंतोतंत जुळण्याची अटही कायम राहिली.

उपाय साधा आहे : यंत्र पुन्हा सुरू करावे. ते शक्य नसल्यास कार्ड वापरणारे सर्व प्रोग्राम व चित्रमय पडदा बंद करून डीआरएम, मोडसेट व यूव्हीएम ही आश्रित मॉड्यूले आधी आणि मुख्य मॉड्यूल शेवटी उतरवावे, व मग नवे चढवावे. पुन्हा सुरू केल्यावर पडदा काळाच राहिला, तर रोग निराळा समजावा. बहुधा नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधलेच गेलेले नसते, आणि त्याच्या मुळाशी पुष्कळदा हेडर फायलींचा अभाव असतो. अशा वेळी ग्रबच्या यादीतून जुने कर्नल निवडावे, हेडर बसवावेत आणि मॉड्यूल पुन्हा बांधावे. सिक्युअर बूट चालू असल्यास स्वाक्षरीवाचून मॉड्यूल चढत नाही, हेही पाहावे.

ड्रायव्हर एकाच आवृत्तीवर गोठवून ठेवण्याची चाल काही जण सुचवितात. मला ती अर्धीच पटते, कारण गोठविलेल्या ड्रायव्हरला सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत. अनेकांच्या वापरातील यंत्रावर ड्रायव्हर स्वयंचलित अद्ययावतीकरणातून वगळावा, आणि महिन्यातील एक दिवस ठरवून, चालू गणने संपल्यावर, तो हाताने बदलून यंत्र लगेच पुन्हा सुरू करावे.