तळटीपेतला खोटा रशियन आणि जात्यावरची खरी ओवी

दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गोव्याचे. १९३१ साली ते बनारसहून अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठात गणित शिकवायला गेले. त्यांना बोलावणारा आंद्रे वेल हा तरुण फ्रेंच गणिती. त्याला अलीगढला आणलं होतं सर सय्यद यांचे नातू, कुलगुरू रॉस मसूद यांनी.

त्याच वर्षी कोसंबींचा एक शोधनिबंध छापून आला. त्यात एका प्रमेयाचं श्रेय बूर्बाकी नावाच्या रशियन गणितीला दिलं होतं. हा माणूस क्रांतीच्या काळात विषप्रयोगाने मेला, अशी माहितीही होती. प्रत्यक्षात असा माणूस कधी जन्मलाच नव्हता. एका सहकाऱ्याची जिरवायला वेलने सुचवलेली ती थट्टा होती. पुढे वेल आणि त्याच्या मित्रांनी हेच नाव घेऊन गणिताचे जगप्रसिद्ध ग्रंथ लिहिले.

म्हणजे तळटीप आहे, नाव आहे, तरी साधन खोटं!

आता याच कोसंबींची दुसरी बाजू पाहा. इतिहासाकडे वळल्यावर त्यांनी हजारो जुनी नाणी तराजूत तोलली. हाताळून नाणं झिजतं, म्हणून घटलेल्या वजनावरून ते किती काळ चलनात होतं याचा हिशेब मांडला. पुण्याभोवतीच्या डोंगरवाटा पायी तुडवून शेंदूर फासलेले तांदळे आणि गारगोटीची हत्यारं नोंदवली. १९६२च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’त हीच साधनं आहेत. ती विचित्र वाटतात, पण आजही कुणीही जाऊन तपासू शकतो.

पुढे गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी बायकांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. प्रत्येक ओवीपुढे गाणारीचं नाव आणि गाव. अक्षरओळख नसलेली बाई अशी संदर्भसूचीत आली.

पावस-रत्नागिरी पट्ट्यातल्या कोकणी मुसलमानांना यातून शिकण्यासारखं बरंच आहे. आपला इतिहास दरबारी बखरीत फारसा नाही. तो कबरींच्या दगडांवर, मशिदींच्या शिलालेखांत, निकाहाच्या नोंदवह्यांत, तांडेलांच्या आठवणींत आणि हळदीला म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांत आहे. ‘तुमचे पुरावे कुठे आहेत?’ असं कुणी विचारलं की आपण गप्प बसतो, नाहीतर ‘बुजुर्ग सांगायचे’ म्हणून वेळ मारून नेतो. दोन्हींनी नुकसान आपलंच होतं.

बुजुर्ग म्हणजे नेमकं कोण, कुठल्या मोहल्ल्यातले, त्यांनी कुणाकडून ऐकलं, आपण कधी लिहून घेतलं, एवढं नोंदवलं की ते साधन होतं. हदीसच्या अभ्यासकांनी ‘इस्नाद’, म्हणजे कथन करणाऱ्यांची साखळी, शतकानुशतके तपासली. ती शिस्त आपल्याला परकी नाही.

मोबाइलवर आज खोटे बूर्बाकी रोज जन्माला येतात. सन, ग्रंथ, पान क्रमांक सगळं असतं आणि त्यातून एखाद्या समाजाला परकं ठरवलं जातं. त्याला उत्तर द्यायचं तर आधी आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांकडे वही घेऊन बसावं लागेल. कबरीचा दगड थांबेल थोडा. माणसं थांबत नाहीत.