विसरभोळेपणा वाढलाय? आधी कान तपासा

आजोबांना सकाळी सांगितलेलं संध्याकाळी आठवेनासं झालं की घरात बदाम, ब्राह्मी आणि शब्दकोडी सुरू होतात. शब्दकोडी सोडवायला हरकत नाहीच. पण जे नीट ऐकूच आलं नाही, ते लक्षात राहणार कसं?

'लॅन्सेट' आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाशी जोडलेले, आटोक्यात आणता येतील असे १४ धोके सांगितले. बीपी, डायबेटिस, एकटेपणा यांच्यासोबत त्या यादीत कमी ऐकू येणंही आहे. एक कारण असं मानलं जातं की तुटक ऐकलेलं जुळवण्यातच मेंदूची ताकद खर्च होते. शिवाय दर वेळी "काय म्हणालास?" विचारायचा संकोच वाटतो, आणि माणूस गप्पांतून हळूहळू बाजूला होतो.

मग कानाच्या मशीनने स्मरणशक्ती टिकते का? अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांना ३ वर्षं तपासलं गेलं. २०२३ मध्ये आलेल्या निकालात सगळे मिळून फारसा फरक दिसला नाही. मात्र ज्यांना आधीपासूनच धोका जास्त होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. जादू नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

कानाच्या डॉक्टरांकडे ऑडिओमेट्री करून घ्या. कधीकधी नुसता मळच निघतो. सोबत बी-१२ आणि थायरॉईडची रक्ततपासणीही करा, या दोन्हींच्या कमतरतेमुळे येणारा विसरभोळेपणा औषधांनी सुधारू शकतो. आणि एक-दोन दिवसांतच अचानक गोंधळ, असंबद्ध बोलणं सुरू झालं तर ते म्हातारपण समजू नका, थेट हॉस्पिटल गाठा.