रक्तक्षय म्हणजे निव्वळ लोहाची टंचाई नव्हे

भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीवस्तीवर बाईचे हिमोग्लोबिन कमी निघाले की सल्ला ठरलेला असतो: लोहाच्या गोळ्या घ्या, नाचणी-गूळ खा, पालेभाजी वाढवा. पुढच्या तपासणीत आकडा हलला नाही, की निदानही ठरलेले असते: हिने गोळ्या खाल्ल्याच नाहीत. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. रक्त कमी म्हणजे लोह कमी, आणि जितके लोह पोटात जाईल तितके रक्तात उतरेल. ही समजूत अपुरी आहे आणि तिच्या अपुरेपणाचा ठपका त्या बाईवर येतो, हे मला मान्य नाही.

पूर्वपक्षाचे बळ आधी मान्य केले पाहिजे. पाळीत दरमहा रक्त जाते, बाळंतपणात जाते. भात-भाकरीतले लोह फायटेटमुळे नीट शोषले जात नाही आणि जेवणावर घेतलेल्या चहाने ते आणखी अडते. लोहाची कमतरता हे रक्तक्षयाचे मोठे कारण आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधले रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ५४.२ टक्के झाले. गोळ्यांचे वाटप जुनेच आहे, २०१८ पासून ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमाची त्यात भर पडली. मग आकडा वाढला कसा? पूर्वपक्ष म्हणतो, गोळ्या कमी पडल्या. पण या दोन्ही फेऱ्यांत सर्वेक्षणाने रक्तक्षयासाठी बोटाच्या थेंबभर रक्तात फक्त हिमोग्लोबिन पाहिले. ते का कमी झाले, हे त्या थेंबावरून कळत नाही.

कारण समजायला शरीर लोह कसे सांभाळते ते पाहावे लागते. प्रौढ माणसाच्या अंगात तीन ते चार ग्रॅम लोह असते. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची यंत्रणा शरीराकडे नाही, म्हणून सगळी राखण आत येतानाच होते. रोज आतड्यातून एक-दोन मिलिग्रॅमच लोह आत घेतले जाते. बाकीची गरज जुन्या तांबड्या पेशी मोडून निघणाऱ्या २० ते २५ मिलिग्रॅमवर भागते. या दोन्ही वाटांवर हुकूम चालतो तो हेपसिडिन या संप्रेरकाचा.

हे संप्रेरक २००० साली जर्मन संशोधकांना रक्तात आणि २००१ साली लॉस एंजेलिसमध्ये टोमास गँझ यांच्या गटाला लघवीत सापडले. जंतुनाशक प्रथिन म्हणून त्याची पहिली ओळख झाली. पण त्याच वर्षी पॅरिसमध्ये, हेपसिडिन न बनवणाऱ्या उंदरांच्या यकृतात लोहाचा साठा झालेला आढळला आणि त्याचे खरे काम पुढे आले. यकृत आधी ८४ अमिनो आम्लांची साखळी तयार करते. ती कापली जाऊन २५ आम्लांचे हेपसिडिन उरते. त्यातली आठ सिस्टीनची असतात आणि गंधकाच्या चार बंधांनी जोडीजोडीने बांधलेली असतात, त्यामुळे इवलासा रेणू घट्ट दुमडलेला राहतो. कोणते सिस्टीन कोणाशी जोडले आहे, याची आधीची मांडणी चुकीची होती. ती २००९ मध्ये दुरुस्त झाली. साखळीच्या सुरुवातीची मोजकी आम्ले काढून टाकली, तर हेपसिडिन निकामी होते, कारण लक्ष्याला ते त्याच टोकाने धरते. ते लक्ष्य म्हणजे फेरोपोर्टिन, पेशीतून लोह बाहेर सोडणारे दार. हेपसिडिन फेरोपोर्टिनला चिकटले की पेशी ते आत ओढून नष्ट करते, हे २००४ मध्ये एलिझाबेटा नेमेथ आणि सहकाऱ्यांनी दाखवले. हेपसिडिन त्या दारातच बसून वाट अडवते, हे २०२० मधल्या रचना-अभ्यासांतून दिसले.

या शोधाने जुन्या समजुतीला तीन ठिकाणी धक्का बसतो.

पहिला मात्रेचा. लोहाची गोळी पोटात गेली की हेपसिडिन वाढते आणि साधारण २४ तास चढे राहते. स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लोह कमी असलेल्या स्त्रियांना ६० मिलिग्रॅमच्या १४ मात्रा देण्यात आल्या. रोज घेणाऱ्यांमध्ये १६.३ टक्के लोह शोषले गेले, एक दिवसाआड घेणाऱ्यांमध्ये २१.८ टक्के. एकाच दिवसाची मात्रा सकाळ-संध्याकाळ विभागूनही शोषण वाढले नाही, हेपसिडिन मात्र वाढले. न शोषलेले लोह आतड्यात राहते. मळमळ आणि बद्धकोष्ठतेचा त्रास त्यानेच होतो. म्हणजे बाई गोळी टाळते तेव्हा तिच्याकडे पुष्कळदा खरे कारण असते. किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी 'कमी' म्हणून हिणवली जाते. या हिशेबाने ती गैरलागू ठरत नाही.

दुसरा धक्का संसर्गाचा. ताप, क्षय, मलेरिया, दीर्घ दाह यांत इंटरल्युकिन-६ हा दाहाचा संदेशवाहक रेणू वाढतो आणि यकृत हेपसिडिनचा पुरवठा वाढवते. जंतूंनाही लोह हवे असते, म्हणून शरीर ते कोंडून ठेवते. अशा वेळी लोह अंगात असूनही रक्ताला मिळत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, टांझानियातल्या मलेरियाग्रस्त पेम्बा बेटावरच्या चाचणीत, लोह-फॉलिक आम्ल दिलेल्या बालकांमध्ये रुग्णालयात दाखल होण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसले. आपल्याकडची परिस्थिती तीच नाही, पण लोह दिले की भलेच होते, हा नियम तिथे मोडला.

तिसरा धक्का समीकरणालाच. बीटा थॅलेसेमियाच्या काही प्रकारांत रक्त कमी असते, तरी अस्थिमज्जेतल्या पेशींच्या एरिथ्रोफेरोन या संप्रेरकामुळे हेपसिडिन दबते आणि लोह साचत जाते. शिवाय रक्ताला लोहाखेरीज आणखीही काही लागते. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला; त्यांच्यापैकी जवळजवळ दोन-तृतीयांश स्त्रियांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. रोजच्या लाल गोळीत लोह आणि फॉलिक आम्ल असते, बी-१२ नसते. नाचणीचेही तसेच: तिचे खरे बळ कॅल्शियममध्ये आहे, लोहात नाही.

यावर आक्षेप येईल की हेपसिडिनची चाचणी तालुक्याच्या दवाखान्यात होत नाही, मग या ज्ञानाचा उपयोग काय? उपयोग आहे, कारण वागणुकीचे नियम चाचणीशिवायही पाळता येतात. गरोदरपणाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मी स्पष्ट मांडतो. दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत हेपसिडिन आपोआप खाली येते, दार उघडे राहते. म्हणून गरोदर बाईने रोजची गोळी सोडू नये. रक्तक्षय झाल्यावर दिवसाला दोन गोळ्या देण्याचा प्रघात मात्र आपल्याच स्त्रियांवर तपासून घ्यायला हवा, कारण स्वित्झर्लंडमधला पुरावा गरोदर नसलेल्या बायकांचा आहे.

तेव्हा मंडन असे. गोळी जेवणाआधी किंवा दोन जेवणांच्या मधल्या वेळेत, लिंबूपाण्यासोबत घ्यावी. चहा तासभर लांब ठेवावा. गोळ्या पुरेशा खाऊनही आकडा वाढत नसेल, तर आधी ताप, संसर्ग, जंत, जास्तीची पाळी आणि बी-१२ यांची चौकशी व्हावी. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तपासताना दाहाचीही नोंद घ्यावी, कारण दाहात फेरिटिन फसवे वाढते. आशाताईला गोळ्या वाटण्याइतकेच ऐकण्याचेही काम मिळावे, आणि बी-१२ची तपासणी भोर-वेल्ह्याच्या आरोग्य केंद्रांत सहज व्हावी. ही मागणी ग्रामसभांनी लेखी करावी. तपास न करता बाईवर ठपका ठेवणे बंद झाले पाहिजे.