वजनकलंक

जाड माणसाला आळशी, खादाड ठरवून हिणवण्याची सामाजिक वृत्ती. ‘जाड्या’, ‘ढोली’ ही हाक घरातच सुरू होते आणि दवाखान्यापर्यंत पाठ सोडत नाही. गुडघा दुखो वा धाप लागो, तपासण्याआधीच ‘वजन कमी करा’ असे ऐकावे लागते. मग रुग्ण डॉक्टरांकडे जाणे टाळतो, निदान लांबते. नैराश्य येते. हिणवल्याने वजन घटत नाही. उलट वाढू शकते. ही क्रूरता उपचार म्हणून खपवली जाते, हे अधिक वाईट. वजनाचा आकडा किती फसवा, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले: त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा देहभारांक (बीएमआय, उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३, शरीरातील चरबी मात्र अनुक्रमे २१.२ आणि ९.१ टक्के.